वाईचा न ठरवलेला मुक्काम

वाईला तुम्ही गेलाच असाल. निदान वाईवरून तरी गेला असाल. महाबळेश्वरला जाताना बस जरा थांबते, कोणी चहा घेतो, कोणी ढोल्या गणपतीला लांबूनच हात जोडतो आणि पसरणीचा घाट सुरू झाला की वाई मागे पडते. लग्नानंतर मीही चार वेळा अशीच गेले. वाई खऱ्या अर्थाने पाहिली ती पाचव्या खेपेला, १९८९च्या डिसेंबरात. आणि तीसुद्धा का, तर आमच्या फियाटचे टॅपेट बिघडले म्हणून!

टॅपेट म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. त्या दिवसापर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. पण ते बिघडायला कारण मीच होते, तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगते.

ती गाडी सासऱ्यांची. १९७८ साली त्यांनी घेतली, तीही नंबर लावून, काही वर्षं वाट पाहून. पाठीमागे नाव 'प्रीमियर पद्मिनी', पण घरात आणि गल्लीत सगळे तिला फियाटच म्हणत. मूळची ती इटलीची फियाट अकराशे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. इंजिन १०८९ सी. सी.चे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, आणि पुढची सीट सलग, बाकासारखी. मामंजी रविवारी सकाळी ती स्वतः धूत आणि मग चालू करून पाच मिनिटे नुसते ऐकत उभे राहत. काय ऐकतात, हे आम्ही कधी विचारले नाही.

ऐकण्यासारखे होते मात्र भरपूर. सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून टिक-टिक-टिक-टिक असा आवाज येई. थंडीत जास्त. मामंजी गेल्यावर वर्षभरातच आम्ही नव्या सोसायटीत राहायला गेलो. तिथे खाली दोन नव्याकोऱ्या मारुती उभ्या असत, चालू झाल्या तरी कळत नसे. आमची फियाट निघाली की जिन्यातली मुले ओरडत, "शिवणयंत्र आलं, शिवणयंत्र आलं!" आता हसू येते, पण तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

एके दिवशी हे कामासाठी बाहेरगावी गेलेले असताना मी घराजवळच्या गॅरेजवाल्याला गाडी न्यायला सांगितली. "बाई, हिचा आवाज थोडा असायचाच," असे तो म्हणालाही. मी म्हटले, "ते काही नाही, आवाज बंद झाला पाहिजे." त्याने गाडी चालवून आणली, गरम इंजिनाचे झाकण तसेच उघडले, दहा मिनिटांत काहीतरी पिळले आणि खरोखरच आवाज बंद! मी खूश. यांना मात्र बोलले नाही. म्हटले, बघू या स्वतःहून लक्षात येते का.

लक्षात आले, पण यांच्या नव्हे. सासूबाईंच्या.

मामंजींनी सासूबाईंना क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या दर्शनाला न्यायचे कबूल केले होते. आज नेऊ, उद्या नेऊ करता करता ते राहून गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर हे म्हणाले, "आई, आपण दादांच्याच गाडीने जाऊ." सासूबाई वर्षभर फारसे बोलत नसत. त्या दिवशी मात्र डब्याला दशम्या आणि तिळाची चटणी त्यांनी स्वतः केली. पहाटे साडेपाचला आम्ही पुण्याहून निघालो. मागे त्या आणि आमचा आठ वर्षांचा मुलगा, पुढे आम्ही दोघे.

कात्रजचा घाट चढताना त्या म्हणाल्या, "गाडी आज बोलत नाही गं."

"बरंच की आई, केवढी कटकट होती," मी म्हटले.

त्या काही बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिल्या.

शिरवळपर्यंत सगळे ठीक होते. खंबाटकीला तेव्हा बोगदा झालेला नव्हता, जाणारी-येणारी सारी वाहने एकाच घाटरस्त्याने. पहिल्या वळणापासूनच गाडी ओढेना. हे तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये आले, मग पहिल्या. मागून ट्रकवाले भोंगे वाजवत होते. चार ठिकाणी थांबत, बॉनेट उघडून वारा देत आम्ही कसाबसा घाट ओलांडला. सुरूरच्या फाट्यावर उजवीकडे वळलो आणि गाडी उभी केली, तर तापाने हुडहुडी भरलेल्या माणसासारखी ती थरथरत होती. यांचा चेहरा उतरलेला. माझ्या पोटात गोळा. कारण बिघाड काय आहे ते कळत नसले, तरी तो कुठून आला असावा याची शंका मला आली होती.

वाईत शिरताना रस्त्याच्या कडेला एक लहानसे गॅरेज दिसले. पत्र्याची शेड, बाहेर पिंपळ. मिस्त्री पन्नाशीचे, डोक्याला रुमाल. त्यांनी कशालाच हात लावला नाही. आधी नुसते ऐकले. मग मागे जाऊन यांना म्हणाले, "साहेब, एक कागद द्या." मी पर्समधली किराण्याची यादी दिली. त्यांनी ती सायलेन्सरच्या तोंडाशी धरली. कागद बाहेरच्या बाजूला फडफडत होता, पण मधूनच एकदम आत ओढला जाई.

"बघितलंत?" ते म्हणाले. "धूर भाईर जायचा, तर ही मधीच आत श्वास घेती. एक व्हॉल मिटत न्हाई हिचा. टॅपेट कुणी आवळलं?"

हे म्हणाले, "कुणीच नाही."

मी गप्प.

"आत्ता काय करता येनार न्हाई. इंजिन पार थंड झाल्याशिवाय टॅपेट लावायचं नसतं. रातभर ऱ्हाऊ द्या. सकाळी सातला या."

यांनी पुष्कळ सांगून पाहिले, रजा दोनच दिवसांची आहे, वर खोली ठरवली आहे. पण मिस्त्री हलेनात. "घाईनं लावलं की हेच व्हतंय," एवढेच म्हणाले. त्यांच्याच ओळखीने गणपती आळीतल्या एका जुन्या वाड्यात माडीवरची खोली मिळाली.

आणि म्हणून, मैत्रिणींनो, आम्हाला वाई दिसली.

वाईला कृष्णेच्या काठाने सात घाट आहेत, आणि गावाच्या आळ्या त्या घाटांवरूनच ओळखल्या जातात. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. दुपारी उन्हात आम्ही एकेका घाटावरून हिंडलो. कोणी धुणे धूत होते, कोणी हळद वाळत घातली होती. वाईच्या परिसरातली हळद नावाजलेली, मी शेरभर घेतलीसुद्धा. ढोल्या गणपतीचे देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधले. मूर्ती तर भव्य आहेच, पण देवळाच्या मागे जाऊन मागची भिंत जरूर पाहा. ती सपाट नाही, नावेच्या टोकासारखी निमुळती केली आहे. पुजाऱ्यांनी सांगितले, कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी निघून जाते. नदीशी भांडायचे नाही, तिला वाट करून द्यायची!

तिसऱ्या प्रहरी टांगा करून मेणवलीला गेलो. वाईहून जेमतेम तीन किलोमीटर. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यांनी बांधलेला घाट आहे. घाटावरच्या घंटेला हात लावायला आमच्या मुलाला उचलून धरावे लागले. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आणलेली ही पोर्तुगीज घंटा. 'स्वदेस' (२००४) हा हिंदी चित्रपट तुम्ही पाहिला असेल, तर हाच घाट तुमच्या ओळखीचा वाटेल. विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांनी वाईत बसूनच उभे केले, तो रस्ताही टांगेवाल्याने मोठ्या अभिमानाने दाखवला.

संध्याकाळी सासूबाई घाटाच्या पायरीवर बसल्या. पाण्यात दिवे लागले होते. आपणहून म्हणाल्या, "हे रविवारी गाडीपाशी उभे राहायचे ना, तेव्हा तो आवाज मोजायचे. म्हणायचे, टिकटिक ऐकू येते तोवर काळजी नाही. गप्प झाली की बघायला हवं." मग जरा थांबून, "आज कात्रजला तेच आठवलं. पण म्हटलं, तुम्हाला काय सांगायचं. आता तुमची गाडी."

मैत्रिणींनो, तो "तुमची" शब्द मला फार लागला. वर्षभर त्या गप्प होत्या, आणि घर शांत आहे म्हणून मी निर्धास्त होते.

सकाळी सातला कडाक्याची थंडी होती. मिस्त्रींनी इंजिनावरचे लांबट झाकण काढले. आत एका दांड्यावर ओळीने आठ लहान लहान हातोड्या, लहान मुलांच्या सी-सॉच्या फळ्यांसारख्या. मी जवळ जाऊन विचारले, "मला दाखवाल का?" ते हसले. "या की वयनी."

त्यांनी सांगितले ते माझ्या शब्दांत सांगते. इंजिनात चार नळकांडी. प्रत्येकाला दोन झाकणे, म्हणजेच व्हॉल्व्ह. एकातून हवा आणि पेट्रोल आत येते, दुसऱ्यातून जळका धूर बाहेर जातो. खालून एक काठी वर येते, सी-सॉचे एक टोक उचलते, दुसरे टोक व्हॉल्व्हला खाली दाबते आणि तो उघडतो. काठी खाली गेली की स्प्रिंग त्याला पुन्हा मिटवते. इंजिनाने मिनिटाला तीन हजार फेरे घेतले, तर प्रत्येक व्हॉल्व्ह दीड हजार वेळा उघडतो आणि मिटतो. आठांचे मिळून मिनिटाला बारा हजार ठोके! शिवणयंत्र म्हणणारी ती मुले फारशी चुकली नव्हती.

आता खरी गोम. सी-सॉचे टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये थोडी जागा ठेवावीच लागते. फार नाही, पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, कधी त्याहूनही कमी. कारण तापले की लोखंड वाढते. रेल्वेच्या रुळांमध्ये फट सोडतात, ती याचसाठी. पावसाळ्यात फुगलेले दार चौकटीत अडकते, ते आपण पाहतोच. धुराचा व्हॉल्व्ह तर सातशे अंशांच्या घरात तापतो. जागा ठेवली नाही, तर दांडी वाढून सी-सॉला टेकते आणि व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. मग त्या फटीतून जळता वायू निसटतो आणि गाडीचा जोर जातो. त्याहून वाईट म्हणजे, व्हॉल्व्ह थंड होतो तो मिटून आपल्या बैठकीला टेकल्यावर. अंगातली उष्णता तो तिथे देऊन टाकतो. क्षणभर टेकायलाच मिळाले नाही, की त्याची कड जळते.

"म्हंजे वयनी," मिस्त्री म्हणाले, "जागा जास्त झाली तर टॅपेट वाजतंय. जोर थोडा कमी हुतो, भाग झिजत्यात, पर गाडी सांगती तरी. जागा गेली तर गाडी गप बसती आन आतनं जळती."

मग काम सुरू झाले. गाडी टॉप गिअरमध्ये टाकली. पोरगा आणि हे मिळून ती तसूतसूने ढकलत, तसतसे इंजिन आतल्या आत फिरे. चौथ्या नळकांड्याचे दोन्ही व्हॉल्व्ह डोलायला लागले, म्हणजे एक मिटतो आहे आणि दुसरा उघडतो आहे, की "थांबा!" त्या वेळी पहिल्याचे दोन्ही पुरते मिटलेले असतात, ते लावायचे. पहिल्याचे डोलले की चौथ्याचे. तशीच दुसऱ्या-तिसऱ्याची जोडी. पान्याने नट सैल करायचा, स्क्रूड्रायव्हरने मधला स्क्रू फिरवायचा, मध्ये फिलरची पाती घालून बघायची आणि नट पुन्हा आवळायचा. फिलर म्हणजे चाकूसारखी मिटणारी, पातळ-जाड पात्यांची जुडी. प्रत्येक पातीवर तिची जाडी लिहिलेली असते. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाती घालून बघायची. पुण्याच्या गॅरेजवाल्याने पातीच वापरली नव्हती.

सहावा व्हॉल्व्ह लावून झाल्यावर मिस्त्रींनी पाती माझ्या हातात दिली. "ओढून बघा." मी हलकेच ओढली. जाड कापडातून ओवलेली सुई काढताना जशी जराशी अडते आणि मग येते, तशी ती आली. "बास. असंच पायजे. अडली तर घट्ट, नुसती घसरली तर ढिल्ली."

ती पाती हातात असतानाच मी यांना म्हटले, "मीच आवळून घेतले होते टॅपेट. तुम्ही गावाला गेला होता तेव्हा."

हे काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. मला वाटले, आता बोलतील. पण मागून सासूबाईच म्हणाल्या, "मलाही विचारलं असतंस तर सांगितलं असतं गं. बारा वर्षं ऐकत होते मी." आणि त्या हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा.

झाकणाखालचे बुचाचे पॅकिंग जुने होते, ते बदलले, नाहीतर तेल झिरपते. गाडी चालू केली. टिक-टिक-टिक, पूर्वीपेक्षा हलकी, एका लयीत. कागद पुन्हा धरला. एका नळकांड्याची धाप थोडी उरली होती. "कड जरा भाजलीया," मिस्त्री म्हणाले. "हळूहळू वर जाऊन या. पुन्यात हेड उतरवून व्हॉल घासून घ्या, टाळू नका." मजुरी त्यांनी अगदी माफक घेतली.

पसरणीचा घाट आम्ही सावकाश चढलो. घाटाखालचे पसरणी हे शाहीर साबळ्यांचे गाव. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला कडा. कड्याच्या बाजूने गाडी गेली की आमचीच टिकटिक खडकावर आपटून परत ऐकू येई. मुलगा हसून टाळ्या वाजवी. दुपारपर्यंत पंचगंगेच्या देवळात पोचलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. सासूबाईंनी ओंजळीत पाणी घेतले आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. आम्ही कोणीही घाई केली नाही.

पुण्याला परतल्यावर हेड उतरवले, व्हॉल्व्ह घासून घेतले. पैसे मी माझ्या भिशीतून दिले. हे नको म्हणत होते, पण चूक माझी होती. त्यानंतर रविवारी गाडी धुऊन झाली की सासूबाई गॅलरीतून ऐकत आणि वरूनच सांगत, "ठीक आहे रे!" किंवा, "तेल बघ रे बाबा, कोरडी वाजतेय." दोनदा तर त्यांचे म्हणणे अगदी बरोबर निघाले.

तुमच्या घरी अजून जुनी गाडी असेल, तर या चार गोष्टी मनात ठेवा. आवाज वाढला की आधी तेलाची पट्टी काढून बघा; तेल कमी असले तरी टॅपेट वाजतात. टॅपेटची टिकटिक हलकी, वरच्या बाजूने येणारी आणि इंजिनाच्या निम्म्या वेगाने असते. खालून जड 'ठक-ठक' ऐकू आली आणि चढावर ती वाढली, तर ते दुखणे वेगळे, गाडी तिथेच थांबवा. जागा किती ठेवायची हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते, आणि ते थंड इंजिनाचे माप आहे की गरम, हेही लिहिलेले असते. ज्या मापाने सांगितले त्याच मापाने लावून घ्या. आणि कारागिराला "आवाज बंद करा" असे कधी सांगू नका. "माप बघा" असे सांगा.

आताच्या पुष्कळ गाड्यांत तेलाच्या दाबावर ही जागा आपोआप राखली जाते, विजेच्या गाडीत तर व्हॉल्व्हच नाहीत. पद्मिनी बनणे २००० सालच्या सुमारास थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रातला फोटो मी कापून ठेवला. आमची फियाट आम्ही त्याच्या कितीतरी आधी विकली. सासूबाईही आता नाहीत.

पण महाबळेश्वरला जाताना आम्ही अजूनही वाईला एक रात्र राहतो, गाडी ठणठणीत असली तरी. तुम्हीही राहून पाहा. संध्याकाळी घाटाच्या पायरीवर बसा. आणि बरोबर घरातले कोणी वडीलधारे असेल, तर त्यांना आधी बोलू द्या.